सीडी-४ चा आकडा: माणसे अनेक, मोजपट्टी एक



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथिक डॉक्टरने रक्ततपासणीवर बोलावे, हे काहींना विजोड वाटेल. पण शब्दाचा अर्थ संदर्भावाचून लागत नाही, हे आपणा मंडळींना मी सांगायला नको. 'पाणी' म्हटले तर ते विहिरीतले, डोळ्यांतले, मोत्याचे की तलवारीचे, हे वाक्यावरून कळते. रिपोर्टावर छापलेल्या आकड्याचेही तसेच आहे. तो कोणाचा, कुठला आणि कोणत्या वेळचा हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. हा एक मुद्दा मी आज एका आकड्याच्या आधारे उलगडून सांगणार आहे. तो आकडा म्हणजे 'सीडी-४ काउंट'.

आपल्या भागात हा शब्द नवा नाही. आपला बेळगाव जिल्हा, शेजारचा बागलकोट आणि पलीकडचे सांगली, कोल्हापूर, सोलापूर हा सगळा पट्टा एके काळी देशात एचआयव्हीची सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी होता. ज्यांच्या घरी हा आजार आला त्यांना इंग्रजी येवो न येवो, 'सीडी-फोर किती?' हा प्रश्न तोंडपाठ असतो. आकडा वाढला की घरात पेढे वाटावेत असा आनंद आणि उतरला की चूल पेटत नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. म्हणूनच या आकड्याकडे शांतपणे पाहायला हवे.

या पेशी कोण, आणि मोजतात कशा

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाचा एक वर्ग आहे. त्यातल्या 'टी' पेशींचे दोन मोठे गट आहेत. एका गटाच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते, दुसऱ्याच्या पृष्ठभागावर सीडी-८. सीडी-८ पेशी विषाणूने बिघडवलेल्या पेशींना थेट मारतात. सीडी-४ पेशी प्रामुख्याने मदतनीस आहेत. त्या रासायनिक संदेश सोडतात, आणि त्या संदेशांवर प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या 'बी' पेशी, सीडी-८ पेशी आणि जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी कामाला लागतात. लग्नघरात स्वतः पंगतीत न वाढणारी, पण आचाऱ्याला, वाढप्यांना आणि पाणक्यांना हाका मारून कामाला लावणारी एखादी आत्या असते ना, तसे यांचे काम. आत्या आजारी पडली तर आचारी असूनही पंगत बसत नाही.

एचआयव्ही हा विषाणू पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९८३ साली वेगळा करण्यात आला. सीडी-४ हे प्रथिनच त्याला पेशीत शिरण्याचे दार आहे, हे १९८४ साली कळले. त्यामुळे नेमकी मदतनीस पेशी मरते. उपचाराविना हा ऱ्हास बहुधा वर्षानुवर्षे चालतो आणि शेवटी क्षय, न्यूमोनिया, मेंदूज्वर यांना मोकळे रान मिळते.

या पेशी मोजायला फ्लो सायटोमीटर नावाचे यंत्र वापरतात. सीडी-४ प्रथिनालाच चिकटेल असे चमकणारे प्रतिद्रव्य रक्तात मिसळायचे, मग एकेक पेशी लेझरच्या प्रकाशासमोरून सोडायची आणि चमकणाऱ्या पेशी मोजायच्या. उत्तर एका घनमिलिमीटर रक्तात किती पेशी, असे येते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत निरोगी प्रौढाचा आकडा साधारण ५०० ते १५०० असा दिलेला असतो. हीच मोजपट्टी जगभर रिपोर्टांवर छापली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटांपैकी जेमतेम २ टक्के रक्तात असतात. बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, आतड्याचे अस्तर अशा ठिकाणी असतात. रक्तातला आकडा म्हणजे बसस्टँडवर उभी असलेली माणसे मोजून गावाची लोकसंख्या सांगण्यासारखे आहे. अंदाज येतो, पण बाजाराच्या दिवशी आकडा वेगळा आणि इतर दिवशी वेगळा.

अदिस अबाबातला धडा

आता मुख्य विषयाकडे येतो. सगळ्या मानवसमूहांत हा आकडा सारखाच असतो का? याचे सर्वांत बोलके उत्तर इथिओपियातून मिळाले.

१९९० च्या दशकात इथिओपिया आणि नेदरलँड्स यांनी मिळून अदिस अबाबा येथे एड्स संशोधनाचा एक प्रकल्प चालवला. एचआयव्ही नसलेल्या निरोगी इथिओपियन प्रौढांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्या सीडी-४ ची सरासरी पावणेआठशेच्या आसपास निघाली. ती डच लोकांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. उलट सीडी-८ पेशी जास्त होत्या. या दोहोंचे गुणोत्तर पाश्चात्त्य निरोगी माणसात बहुधा दीड ते दोनच्या घरात असते. इथिओपियनांमध्ये ते एकच्या थोडे वर होते. शिवाय ज्यांनी अजून एकही जंतू पाहिलेला नाही अशा 'कोऱ्या' पेशी कमी आणि अनुभवी, सतत चेतवलेल्या पेशी जास्त, असेही आढळले. पाश्चात्त्य मोजपट्टी लावली असती तर त्यांतले कित्येक धडधाकट लोक दुबळ्या प्रतिकारशक्तीचे ठरले असते.

हा फरक जन्मजात की परिस्थितीचा? इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या इथिओपियन ज्यू स्थलांतरितांवरील अभ्यासांतून यावर पुष्कळ प्रकाश पडला. नव्याने आलेल्यांमध्ये जंतांचा प्रादुर्भाव भरपूर होता, आणि ज्यांच्या पोटात जंत त्यांच्यातच सीडी-४ कमी, सीडी-८ जास्त आणि पेशी चेतवलेल्या, असे चित्र दिसले. जंतांचा उपचार झाला आणि नव्या वातावरणात दिवस गेले तशी ही चेतावणी ओसरत गेली. म्हणजे वंश तोच, पण पाणी, माती आणि पोटातले बिऱ्हाड बदलले तसे रक्त बदलले. फरकाचा मोठा वाटा राहणीचा होता, रक्ताच्या जातीचा नव्हता.

याहून महत्त्वाचा प्रश्न पुढे होता. ज्याची सुरुवातच कमी आकड्यापासून होते, तो एचआयव्ही झाल्यावर लवकर ढासळतो का? उतरणीवर खालून निघालेला आधी तळाला पोहोचणार, असे कोणालाही वाटेल. याच प्रकल्पात अकाकी आणि वोंजी येथील कारखान्यांतल्या कामगारांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला होता. त्यांतल्या काहींना दरम्यान लागण झाली, त्यामुळे लागणीपूर्वीचा आकडा संशोधकांच्या हाती होता. निष्कर्ष असा निघाला की लागणीआधीचा कमी आकडा रोगाची गती वाढवत नाही. ज्या समूहाचा 'नेहमीचा' आकडाच कमी, त्या समूहात तो कमी आकडा दुबळेपणाची खूण नव्हता. मोजपट्टी दुसरीकडची असल्यामुळे तो तसा दिसत होता, इतकेच.

जनुकांचा खरा फरक कुठे

याचा अर्थ जनुके काहीच करत नाहीत असा नाही. पांढऱ्या पेशींतलाच दुसरा प्रकार, न्यूट्रोफिल, पाहा. आफ्रिकी वंशाच्या अनेक निरोगी लोकांत त्या कमी असतात. याचे कारण जनुकीय आहे आणि ते सापडले आहे. लाल पेशींवरचा 'डफी' नावाचा घटक त्यांच्यात नसतो, आणि त्याच्या अभावी व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापापासून संरक्षण मिळते. पिढ्यान्पिढ्या हिवतापाशी झुंजताना ही देणगी टिकली. पण अमेरिकेत याच लोकांना कमी पेशींमुळे काही औषधे नाकारली जात. क्लोझापिन या मानसोपचारातील औषधासाठी त्यांची वेगळी मर्यादा तेथील औषध प्रशासनाने मान्य केली ती २०१५ साली.

एचआयव्हीच्या बाबतीतही असे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सीडी-४ बरोबर विषाणूला आणखी एक कडी लागते, तिचे नाव सीसीआर-५. उत्तर युरोपीय वंशाच्या शंभरात सुमारे एका माणसात आई आणि वडील दोघांकडूनही आलेल्या एका बदलामुळे ही कडीच नसते, आणि नेहमीचा एचआयव्ही अशा माणसाच्या पेशीत शिरू शकत नाही. बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन या रुग्णाला रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ साली अशाच दात्याच्या मूलपेशी दिल्या आणि तो एचआयव्हीमुक्त झाला. आपल्याकडे हा बदल अत्यंत दुर्मीळ आहे.

हे वाचून एखादा म्हणेल, 'म्हणजे युरोपीय लोक एचआयव्हीला दाद देत नाहीत.' चूक. शंभरातले नव्याण्णव जण आपल्यासारखेच असुरक्षित आहेत. दोन समूहांच्या सरासरीत फरक असतो, पण एकाच समूहातल्या दोन माणसांतला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. सरासरी समूहाची असते, ती एका माणसावर लादता येत नाही.

आपला आकडा

भारतात दिल्ली, वेल्लोर, पुणे अशा ठिकाणी निरोगी लोकांची मोजणी झाली. पुण्याच्या भोसरीत १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा, म्हणजे 'नारी'चा, यात मोठा वाटा आहे. या अभ्यासांचा एकत्रित बोध असा की निरोगी भारतीय प्रौढांचा खालचा टप्पा पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातल्या ५०० च्याही खाली, ४०० च्या आसपास जातो. स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा काहीसा जास्त असतो. तेव्हा ४३० चा रिपोर्ट घेऊन आलेला निरोगी माणूस लगेच रोगी ठरत नाही.

एकाच माणसाचा आकडाही स्थिर नसतो. सकाळी कमी आणि रात्री जास्त, असा रोजचा चढउतार असतो. साधा फ्लू, टायफॉइड किंवा क्षयरोग झाला तरी आकडा उतरतो. गरोदरपणात रक्त पातळ होते म्हणून तो कमी दिसतो. स्टिरॉइड घेतल्याने उतरतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तो थोडा वाढलेला असतो! लहान मुलांत तो मुळातच प्रौढांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून पाच वर्षांखालील मुलांत संख्येपेक्षा टक्केवारी पाहतात. दोन रिपोर्टांत साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल, तर तो खरा बदल मानू नये, असा तज्ज्ञांचा संकेत आहे.

आमच्या जैन तत्त्वज्ञानात 'अपेक्षा' हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. कोणतेही विधान कुठल्यातरी अपेक्षेने, म्हणजे दृष्टिकोनाने, खरे असते. तो दृष्टिकोन सांगितला नाही तर विधान अपुरे राहते. '४३० कमी आहे' हे विधान तसेच अपुरे आहे. कोणाच्या तुलनेत कमी? काल त्याच माणसाचे किती होते? ही अपेक्षा विचारली की डॉक्टरचे निम्मे काम होते.

२०० ची रेघ कुठून आली

एड्स म्हणजे सीडी-४ २०० च्या खाली, हे आपण ऐकले असेल. ही रेघ अमेरिकी पुरुषांच्या दीर्घ अभ्यासातून आली. २०० च्या खाली गेलेल्यांना एका विशिष्ट न्यूमोनियाचा धोका झपाट्याने वाढतो, असे १९९० च्या सुमारास दिसले आणि १९९३ साली अमेरिकेने एड्सच्या व्याख्येत तो आकडा घातला. पुढे ही रेघ औषध सुरू करण्याची रेघ झाली. आपल्या सरकारने मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू केली, तेव्हा औषधे महाग आणि रुग्ण अनेक होते, म्हणून सर्वांत ढासळलेल्यांना आधी औषध हे धोरण अपरिहार्य होते. पण तेव्हाची घालमेल आठवते. २४० आकडा आला की 'अजून वेळ आहे' असे ऐकून माणसे परत यायची. काही जण पुढच्या तपासणीपूर्वीच क्षयाने गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा २०१० साली ३५० आणि २०१३ साली ५०० केली. मग २०१५ साली 'स्टार्ट' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला. ५०० च्या वर आकडा असलेल्यांना ताबडतोब औषध दिले, तर ३५० पर्यंत थांबण्यापेक्षा गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी संघटनेने मर्यादाच काढून टाकली. भारताने २०१७ साली हेच धोरण स्वीकारले. आता लागण निश्चित झाली की आकडा कितीही असो, औषध सुरू होते. मोजपट्टी कोणाची, या वादाला औषध सुरू करण्यापुरते तरी उत्तर मिळाले.

मग सीडी-४ मोजायचे कशाला? रुग्ण किती उशिरा आला हे कळण्यासाठी. २०० च्या खाली असेल तर क्षय आणि बुरशीजन्य मेंदूज्वर शोधावा लागतो, प्रतिबंधक औषध द्यावे लागते. औषधाचा परिणाम पाहण्यासाठी मात्र आता विषाणूंचे प्रमाण, म्हणजे 'व्हायरल लोड', मोजतात. नियमित औषधाने ते इतके उतरते की तपासणीत सापडत नाही, आणि तेव्हा शरीरसंबंधातून लागण पुढे जात नाही. ही आनंदाची बातमी गावोगाव पोहोचायला हवी.

आकड्याचा गैरवापर

आता जे बोलायचे ते माझ्या धंद्याच्या माणसाने बोलणे जरूर आहे.

सीडी-४ मूळचाच चढता-उतरता आहे. त्यामुळे कोणीही पुडी किंवा काढा देऊन 'आधी' आणि 'नंतर'चे दोन रिपोर्ट दाखवू शकतो. समजा, रुग्णाचा आकडा ३१० होता. त्या वेळी त्याला ताप होता. तीन महिन्यांनी तो ३९० झाला. वाढ सुमारे २६ टक्के, म्हणजे नैसर्गिक चढउताराच्या आतच. पण जाहिरातीत ते 'एड्सवर रामबाण' होते. आपल्या सीमाभागात बसने येऊन हजारो रुपये मोजून अशी औषधे नेणारे आणि सरकारी गोळ्या बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. काही महिन्यांनी ते परत येतात, पण तोवर विषाणू जोरात वाढलेला असतो. औषध धरसोड केल्याने तो औषधांना दाद न देणारा होण्याचीही भीती असते.

मी बीएचएमएस आहे, आणि चार दशके माझ्या पद्धतीवर प्रेम करत आलो आहे. म्हणूनच स्पष्ट सांगतो. माझ्या पेटीतली एकही गोळी एचआयव्ही थांबवत नाही. एआरटीला पर्याय म्हणून होमिओपॅथी, आयुर्वेद किंवा अन्य काही घेणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. एड्स बरा करण्याचा दावा औषधविषयक नियमांच्या 'जे' परिशिष्टानुसार कोणत्याच औषधाला करता येत नाही. माझ्याकडे असा रुग्ण आला की मी त्याच्या खिशातले एआरटी केंद्राचे कार्ड आधी पाहतो.

दुसरा गैरवापर उलट्या बाजूचा. लग्न ठरवताना सीडी-४ चा रिपोर्ट मागितल्याचे मी ऐकले आहे. सीडी-४ ही एचआयव्हीची चाचणी नाही. एचआयव्ही नसतानाही तो कमी असू शकतो, आणि एचआयव्ही असूनही पहिली काही वर्षे तो उत्तम असू शकतो. लागण आहे की नाही हे वेगळ्या चाचण्यांनी कळते. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात ती तपासणी मोफत होते आणि एकाच चाचणीवर विसंबून 'बाधित' ठरवत नाहीत. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करणे, माहिती फोडणे, नोकरी-शिक्षण-उपचारांत भेदभाव करणे त्याने बेकायदा ठरवले आहे. शंका असल्यास १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

तिसरा गैरवापर सूक्ष्म आहे. 'त्या लोकांची प्रतिकारशक्तीच कमी,' 'आपल्या लोकांना होत नाही' अशी वाक्ये शिकलेल्या घरांतूनही ऐकू येतात. इथिओपियाच्या कामगारांनी याचे उत्तर दिलेले आहे. समूहासमूहांत फरक आहेत. ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण त्या फरकांत पोटातले जंत, पिण्याचे पाणी, बालपणीचे आजार, जुन्या साथी यांचा इतिहास लिहिलेला असतो. त्याला उच्च-नीच हा अर्थ आपण चिकटवतो.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात कसला ना कसला रिपोर्ट असेलच. साखरेचा, हिमोग्लोबिनचा, थायरॉइडचा. त्यावर 'सामान्य मर्यादा' असा एक स्तंभ छापलेला असतो. तो कोणत्या माणसांवरून ठरवला, हे एकदा आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांच्या घरी एआरटीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी सीडी-४ वाढला म्हणून त्या बंद करू नयेत, उतरला म्हणून धीर सोडू नये. आकडा वर जावो वा खाली, रात्रीची गोळी ठरलेल्या वेळी घ्यावी. एवढी एक गोष्ट आज आपण आपापल्या गल्लीत पोहोचवली, तर मंडळाने मला येथे उभे केल्याचे सार्थक होईल.